बियाण्याची पावती

मंडळी, आज दुकानदारीविषयी थोडे बोलू. आपल्या गावची दोन-तीन पोरे तालुक्याला बियाण्याच्या दुकानात कामाला आहेत. एकाला स्वतःचे दुकान टाकायचे आहे. त्यांनीही ऐकावे.

कापड वाईट निघाले तर एक सदरा जातो. बियाणे वाईट निघाले तर वर्ष जाते.

आमच्याच घरची गोष्ट. काही वर्षांपूर्वी आम्ही आणि आमचा धाकटा भाऊ सोयाबीनचे बियाणे आणायला गेलो. दुकानदार गोड बोलला. चहा पाजला. म्हणाला, “गुरुजी, तुम्ही घरचेच. पावती कशाला? पिशवीमागं पन्नास रुपये कमी द्या.” आम्ही भुललो. पोरांना हिशेब शिकवणारे आम्ही, पावतीशिवाय घरी आलो!

पाऊस चांगला झाला. पेरणी केली. आठ दिवसांनी पाहतो तर निम्मे तास रिकामे. दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, “हा माल माझ्याच दुकानचा कशावरून?” कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करावी, तर तिथेही पावती हवी. पिशव्या तर आम्ही फाडून टाकल्या होत्या. भावाला दुबार पेरणी करावी लागली. भावजयीच्या पाटल्या गहाण पडल्या.

पावती देणे ही काही दुकानदाराची मेहेरबानी नव्हे. १९८३ साली सरकारने बियाणे नियंत्रण आदेश काढला. बियाणे विकायला परवाना हवा, साठा आणि भाव लोकांना दिसेल असा लावावा, गिऱ्हाइकाला पावती द्यावी, असे बंधन त्याने घातले.

पुढच्या वर्षी दुसऱ्या दुकानात गेलो. हा दुकानदार कमी बोलणारा. चहाबिहा काही नाही. भावाने पिशव्या मागितल्या, तर त्यानेच विचारले, “घरचं सोयाबीन आहे का?” “आहे.” “मग आधी ते तपासा. १०० दाणे मोजा. ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा. गोणपाट सुकू देऊ नका. सहा-सात दिवसांनी चांगले मोड मोजा. ७० किंवा जास्त आले, तर विकत कशाला घेता?”

दारात आलेले गिऱ्हाईक त्याने परत पाठवले. आमचे ७८ दाणे उगवले. (संकरित कपाशीला मात्र हे चालत नाही. तिचे बी दरवर्षी नवेच घ्यावे लागते.) त्या वर्षी त्याची विक्री बुडाली. पण तेव्हापासून खत, औषध, हरभऱ्याचे बी, सारे आम्ही त्याच्याकडूनच आणतो. न मागता पावती देतो. पिशवीवरचा लॉट नंबर तिच्यावर लिहितो. “पिशवी, चिठ्ठी आणि मूठभर बी पीक निघेपर्यंत ठेवा,” असे बजावतो.

दुकान टाकणारा तो पोरगा परवा विचारत होता, “गुरुजी, पावती दिली की उद्या ती आपल्याच अंगाशी येते, नाही का?”

येते बाबा. बी उगवले नाही, तर शेतकरी ती पावती घेऊन तुझ्याच दारात येईल. त्या दिवशी दुकान बंद करून बसू नकोस. त्याच्याबरोबर शेतावर जा. तुझ्याकडे कंपनीचे बिल असेल, तर तूही तिला जाब विचारशील.

आमची भावजय आता वाचायला शिकली आहे. पिशवीवरचा नंबर आणि पावतीवरचा नंबर ती स्वतः ताडून पाहते. तिच्या पाटल्या सुटायला दोन दिवाळ्या लागल्या.