मोहरीच्या डब्यातले पैसे



‘पैशाची टोपणनावे’ या विषयावर मी बोलणार, हे घरी सांगितले तेव्हा हशा पिकला. “तुला पैशातले काय कळते?” असे आमच्या ‘ह्यां’नी विचारले. त्याचे उत्तर आज इथे देते.

आमच्या सासूबाई अखेरपर्यंत चवली-पावलीच्या हिशेबात बोलत. चवली म्हणजे दोन आणे, पावली म्हणजे चार. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि आणे गेले. तरी पंचवीस पैशांना आपण ‘चाराणे’च म्हणत राहिलो. ते नाणेही २०११ साली चलनातून गेले. आता माझा नातू लाखाला ‘पेटी’ आणि कोटीला ‘खोका’ म्हणतो. खिशात मात्र बसच्या भाड्यापुरतेच असतात! लंडनला शिलिंगला ‘बॉब’ म्हणत. १९७१ मध्ये तिथेही दशमान पद्धत आली आणि बॉब इतिहासजमा झाला. पौंडाचा ‘क्विड’ मात्र अजून टिकून आहे.

आणखी गंमत पाहा. बोलीभाषेत पैशाला फ्रान्समध्ये गहू म्हणतात, रशियात कोबी, जर्मनीत कोळसा आणि अमेरिकेत भिजवलेली कणीक. सगळी नावे आपल्याच कोठीघरातली आणि चुलीपुढची!

मग खुद्द बायकांच्या पैशाला काय म्हणत? इंग्लंडात नवरा वरखर्चाला देई ते ‘टाचणीचे पैसे’. अमेरिकेत शेतकऱ्याची बायको अंडी विकून मिळवी ते ‘अंड्यांचे पैसे’. वाण्याचे बिल पुष्कळदा त्यांतूनच भागे. जपानात गृहिणीच्या गुपचूप शिलकीला ‘हेसोकुरी’ म्हणतात. हा शब्द सूत गुंडाळण्याच्या कामावरून आला, असे सांगतात. आणि आपल्याकडे ‘चोळीबांगडी’. टाचणी, अंडे, सूत, बांगडी! नावच इतके लहान, की पैसाही लहान वाटावा.

पण तो लहान नसतो. १९४३ साली इंग्लंडातल्या एका बाईने घरखर्चातून शंभरावर पौंड शिल्लक टाकले होते. प्रकरण कोर्टात गेले. कोर्ट म्हणाले, पैसा नवऱ्याने दिला, तेव्हा शिल्लकही नवऱ्याची. पुढे १९६४ साली तिथे कायदा झाला, तेव्हा कुठे अशा शिलकीत बायकोचा निम्मा वाटा ठरला.

हे दूरचे झाले. आता घरातले सांगते.

सासूबाईंची शिल्लक मोहरीच्या डब्यात असे. शेजारच्या काकू विचारीत, “काय हो, मोहरी किती साठली?” आणि दोघी हसत. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. सकाळी सासूबाईंनी मुकाट्याने डबा माझ्यापुढे ठेवला. आत तेवीस हजार रुपये निघाले.

घरातले सारे गोळा झाले. “आजीचे काळे धन!” असे म्हणून मुलगा हसला. ‘हे’ म्हणाले, “आई, एवढे पैसे, आणि आम्हांला पत्ता नाही?”

सासूबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “तुझी कॉलेजची फी भरली, तेव्हा कुठून आणले म्हणून विचारले नव्हतेस.”

त्यांच्या नावाचे खाते कुठेच नव्हते. पैसे मुलाच्या खात्यात जमा झाले. त्या वेळी मी गप्प बसले, याचे मला अजून वाईट वाटते. मी तरी त्यांच्या नावाने खाते उघडा म्हणायला हवे होते. माझ्या स्वतःच्या नावाचे तरी कुठे होते?

पुढल्या महिन्यात आम्ही दोघी पोस्टात गेलो आणि दोन पुस्तके काढून आलो. ‘ह्यां’नी तेवीस हजार काढून दिले, ते तिथे भरले. सासूबाईंनी पुस्तकावरचे आपले नाव दोनदा वाचून घेतले आणि घरी येऊन ते पुस्तक मोहरीच्याच डब्यात ठेवले.

भगिनींनो, आपल्या शिलकीला चोळीबांगडी म्हणा, मोहरी म्हणा. माझी हरकत नाही. पुस्तकावर मात्र नाव आपले असू द्या. ज्यांचे अजून खाते नसेल त्यांनी मला सांगावे, मी बरोबर येईन.