याकोब गेला, पेत्र सुटला

जबलपूरच्या सदरमधून आज आपण स्तोत्र ९१ वर बोलणार आहोत. आपल्याकडे कितीतरी घरांत ते फ्रेम करून लावलेलं असतं. आजूबाजूला हजारो पडले तरी देवावर भरवसा ठेवणाऱ्याला अपाय होणार नाही, मरी त्याच्या घराजवळ फिरकणार नाही, असा त्याचा आशय. २०२१ च्या एप्रिलमध्ये हे स्तोत्र किती जणांच्या व्हॉट्सअॅप स्टेटसला होतं, आठवतं ना? त्यातले काही जण पुढच्या महिन्यात आपल्यात नव्हते.

त्याआधीचं बोलायचं तर २२ मे १९९७ ची पहाट. जबलपूरचा भूकंप. वाचलेल्यांनी साक्ष दिली, "देवानं आम्हाला राखलं." साक्ष खोटी नव्हती. पण ज्याच्या घरातलं माणूस भिंतीखाली गेलं, त्याच्या कानांनी तेच वाक्य ऐका. मग आमच्याकडे देवाचं लक्ष नव्हतं का, हा प्रश्न त्याच्या मनात येणारच. त्यावर आपल्या मंडळ्यांत ठरलेली उत्तरं मिळतात: विश्वास कमी पडला असेल, घरात काही पाप असेल. ईयोबाचे मित्र हेच बोलत होते, आणि पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग पेटला तो त्या मित्रांवर.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय १२ उघडा. हेरोद राजा योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीनं मारतो. मग पेत्राला धरतो. मंडळी प्रार्थना करते, रात्री देवदूत येतो, बेड्या गळून पडतात. आता जब्दीच्या घरच्यांचा विचार करा. त्यांच्या याकोबासाठी कोणी गुडघे टेकले नसतील का? देवदूताला तेव्हा वाट सापडली नाही का? लूक कारण देत नाही. इब्री लोकांस पत्राच्या ११ व्या अध्यायातही कोणी विश्वासानं तलवारीच्या धारेतून सुटले आणि कोणी तलवारीनं मेले. दोघांची नावं एकाच यादीत आहेत. मेलेल्यांचा विश्वास उणा होता, असं तिथं एका शब्दानंही म्हटलेलं नाही.

आणि शुभवर्तमानात स्तोत्र ९१ चा आधार कोण घेतो? सैतान. मंदिराच्या शिखरावर येशूला उभं करून म्हणतो, टाक उडी, देवदूत झेलतील. येशू उडी टाकत नाही. वचनाला विमा पॉलिसी करणं त्यानं तिथंच नाकारलं.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला इथं जवळचं वाटतं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. १८८२ मध्ये पती कॉलऱ्यानं गेले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या (आपलं जबलपूर तेव्हा त्याच प्रांतात होतं) आणि उपासमारीनं हाडं निघालेल्या शेकडो मुली आणि विधवा सोबत घेऊन गेल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून वाढलं. उतारवयात त्या बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. स्तोत्र ९१ त्यात आलंच. १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा आईच्या आधी गेली, आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई.

त्यांना आपण विश्वासात कमी म्हणणार आहोत का?

स्तोत्राचं १० वं वचन वाचताना मी आजही अडखळतो, त्याचं गुळगुळीत स्पष्टीकरण माझ्याजवळ नाही. पण १५ वं वचन नीट पाहा. संकटात मी त्याच्याजवळ असेन, असं देव म्हणतो. म्हणजे संकट येणार, हे स्तोत्रालाच ठाऊक आहे. हॉस्पिटलमध्ये कोणाच्या खाटेजवळ वाचायचं झालं, तर मी तेवढंच वाचतो. आणि ज्या घरी मयत झालं आहे तिथं पहिल्या दिवशी तेही नाही. तिथं नुसतं बसावं, चहाचे कप विसळावेत, स्मशानभूमीची धावपळ करावी.

पुढच्या भागात स्तोत्र ८८ घेऊ. आधी घरी वाचून या. त्याचा शेवट अंधारातच होतो, आणि तरी ते प्रार्थनांच्या पुस्तकात ठेवलेलं आहे.