स्वप्नांतला देश आणि खरा देश



न पाहिलेल्या देशाची ओढ मोठी विलक्षण असते. चित्रांतून, कथांतून, गाण्यांतून तो आपल्या कानांवर आलेला असतो आणि मनांत त्याची एक मूर्ति आपण घडवून ठेवलेली असते. पुढें तेथें जाण्याचा योग आला म्हणजे ती मूर्ति भंगते. नाहीं तर ती भंगूं नये म्हणून आपण डोळे मिटून घेतों. या दोहोंहून निराळी वाट एका इंग्रज गीतकारानें उतारवयांत शोधली. त्यांचें नांव रे डेव्हिस, आणि त्यांच्या त्या गीतसंग्रहाचें नांव 'अमेरिकाना'. २१ एप्रिल २०१७ रोजीं तो प्रसिद्ध झाला, तेव्हां ते ७२ वर्षांचे होते.

डेव्हिस यांचा जन्म १९४४ सालीं उत्तर लंडनमध्यें झाला. आठ भावंडांच्या कष्टकरी कुटुंबांत ते वाढले. घोड्यावरून अफाट माळरान तुडविणारा सिनेमांतील अमेरिकन गुराखी हा त्या पिढीच्या मुलांचा नायक होता. पुढें धाकटा भाऊ डेव्ह व इतर सोबती यांच्यासह ते 'किंक्स' या वाद्यवृंदांत गाऊं लागले, आणि १९६४ सालच्या 'यू रिअली गॉट मी' या गाण्यानें तो वृंद सर्वतोमुखीं झाला. १९६५ च्या उन्हाळ्यांत ही मंडळी अमेरिकेस गेली. परंतु दौऱ्यांत तंटे झाले, आणि तेथील वादकसंघानें त्यांना परवाने देण्याचें बंद केलें. ज्या देशाचीं स्वप्नें पाहिलीं, त्याचेंच दार १९६९ पर्यंत लागलेलें राहिलें!

त्या मिटलेल्या दारानें एक उपकार मात्र केला. डेव्हिस यांची दृष्टि घराकडे वळली. लंडनच्या पुलावरची संध्याकाळ, खेड्यांतली हिरवळ, जुन्या चालीरीतींची माया, यांवर त्यांनीं गाणीं रचलीं. पण दूरचा सूर टिपणारा त्यांचा कान तसाच जागा होता. १९६५ च्या जानेवारींत ऑस्ट्रेलियास जातांना त्यांचा मुक्काम आपल्या मुंबईस पडला होता. पहाटे कामास निघालेल्या कोळ्यांचें गाणें त्यांच्या कानीं आलें, आणि त्याच वर्षीं त्यांतून 'सी माय फ्रेंड्स' हें गाणें जन्मास आलें. १९७१ सालच्या 'मसवेल हिलबिलीज' या संग्रहांत तर त्यांनीं लंडनच्या जुन्या वस्तींतून उठविलेल्या कुटुंबांचें दुःख अमेरिकन ग्रामीण संगीताच्या वळणावर गाइलें.

'कंट्री रॉक' म्हणून ज्यास म्हणतात, तें याच संगीताचें भावंड. डोंगराळ खेड्यांतलें व्हायोलिन, बँजो आणि सरळ कथाकथन एका बाजूस, व शहरी तरुणांची विजेवरची गिटार आणि ढोल दुसऱ्या बाजूस. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस यांचा मेळ बसला. त्यांतील पेडल स्टील नांवाच्या वाद्याचा सूर एका स्वरावरून दुसऱ्यावर असा घसरत जातो, कीं आपल्याकडील श्रोत्यास मींडेची आठवण व्हावी. प्रवास आणि विरह यांसाठींच तें वाद्य जणूं निर्माण झालें आहे.

'अमेरिकाना'साठीं डेव्हिस यांनीं मिनिआपोलिस शहरांतील 'जेहॉक्स' या अमेरिकन वृंदाची साथ घेतली; मात्र ध्वनिमुद्रण केलें तें उत्तर लंडनमधील आपल्याच 'कॉंक' स्टुडिओंत. म्हणजे कंठ लंडनचा, वाद्यें अमेरिकेचीं, आणि भेटीची जागा घरची! संग्रहांत १५ रचना आहेत. २०१३ सालीं याच नांवाचें त्यांचें आत्मकथन निघालें होतें. त्याचा धागा घेऊन ही गीतमाला चालते. कोठें बालपणींचा गुराखी दिसतो, कोठें १९६५ सालीं लांब केसांच्या परदेशी पोरांकडे संशयानें पाहणारी अमेरिका. 'द डील' मध्यें कॅलिफोर्नियाच्या सौदेबाजीची थट्टा आहे, तर 'पोएट्री' मध्यें सुखसोयींच्या त्या नगरींत काव्य कोठें गेलें, हा प्रश्न आहे.

या प्रश्नाला आणखी एक गंभीर पार्श्वभूमि आहे. ४ जानेवारी २००४ रोजीं न्यू ऑर्लिन्समध्यें सोबतच्या स्त्रीची पिशवी हिसकावून पळणाऱ्या चोराच्या मागें डेव्हिस धांवले, आणि त्यांच्या पायांत गोळी लागली. सिनेमांतील गुराख्याचें पिस्तूल असें प्रत्यक्षांत भेटलें! असा माणूस त्या देशाविषयीं कडवट झाला असता तर त्याला कोणीं दोष दिला नसता. परंतु या गाण्यांत उपरोध आहे, थकवा आहे, द्वेष मात्र नाहीं.

संग्रह निर्दोष आहे असें मी म्हणणार नाहीं. मधून मधून येणारें गद्य निवेदन गाण्याचा ओघ अडवितें. कांहीं ठिकाणीं आवाजाची झीज लपत नाहीं. पण तीच झीज 'द मिस्टरी रूम' सारख्या मरणाची चाहूल घेणाऱ्या गाण्यास शोभून दिसते. तरुण कंठास तें साधलें नसतें.

ज्या देशानें दार लावलें, पुढें टाळ्या दिल्या आणि अखेर जखमहि दिली, त्याच्यावर प्रेम करावें कीं नाहीं? डेव्हिस यांचें उत्तर असें दिसतें कीं, स्वप्न खोटें ठरलें तरी त्यानें आपल्याकडून गाववून घेतलेलें गाणें खोटें ठरत नाहीं. आपल्यापैकीं प्रत्येकाच्या मनांत असा एखादा दूरचा देश असेलच. त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनीं, पण ममतेनें पाहतां यावें, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.