उभ्या गाडीचा कर

बुऱ्हाणपूरचं रेल्वे स्टेशन ज्या लालबागेत आहे, तिथल्या एखाद्या गॅरेजबाहेर इंजिन उतरवलेला ट्रक उभा असतो. चाकांत हवा नाही, हौद्यात केळीची वाळकी पानं. मालकाला वाटतं, गाडी बंद म्हणजे करही बंद. तसं आपोआप होत नाही.

खाजगी मोटारसायकल किंवा कारचा आजीवन कर खरेदीच्या वेळीच भरलेला असतो. तिथे प्रश्नच नाही. अडचण येते ती तिमाही कर असलेल्या व्यावसायिक गाड्यांची. गाडी उभी राहणार असेल, तर परिवहन कार्यालयाला आधीच लेखी कळवावं आणि पोच सांभाळून ठेवावी. थकबाकीची नोटीस आल्यावर ‘गाडी तर बंदच होती’ म्हणून भागत नाही, मग गॅरेजवाला कितीही साक्ष देवो!

29 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणम पोलाद कारखान्याच्या बंदिस्त आवारातच चालणाऱ्या 36 गाड्यांबाबत निकाल दिला. गाडी सार्वजनिक जागी वापरली नाही, वापरासाठी ठेवलीही नाही, तर त्या काळाचा कर लागत नाही. मात्र हा निकाल आंध्रच्या कायद्यावरचा. आपल्याकडे 1991 चा मध्य प्रदेश मोटरयान कराधान अधिनियम आहे. तेव्हा निकालाचं कात्रण दाखवून अर्ज टाळू नका.

आणि गाडी कायमचीच निकामी झाली असेल, तर 14 दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर कळवून नोंदणी रद्द करून घ्या. भंगारवाल्याला द्यायच्या आधी.