मुदतीआधीची निवृत्ती आणि घरचा हिशेब
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. हळदीकुंकवाला चार शब्द बोलणे निराळे आणि हातात कागद धरून उभे राहणे निराळे. पण गेल्या महिन्यात मंडळातल्या दोघीजणी संध्याकाळी माझ्याकडे आल्या. दोघींच्याही यजमानांच्या कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची नोटीस लागली आहे. "तुमच्याकडे हे होऊन गेले आहे, तुम्ही काय केलेत?" असे त्यांनी विचारले. आम्ही जे केले ते सांगायला लाज वाटते, म्हणून त्या दिवशी मी चहावरच भागवले. आज सगळ्यांसमोर सांगून टाकते.

आपल्या भागाला ही गोष्ट नवी नाही. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांवर इकडची कितीतरी घरे उभी राहिली. २००७ साली आकुर्डीच्या बजाज ऑटोच्या कारखान्यातले उत्पादन थांबले, तेव्हा निवृत्तीची चर्चा ओट्याओट्यावर झाली. आमच्याकडे ती वेळ २०१० साली आली, दुसऱ्या एका कारखान्यातून. ह्यांचे वय तेव्हा ४८. मोबदला, ग्रॅच्युइटी, प्रॉव्हिडंट फंड असे सगळे मिळून बारा लाख रुपये यायचे होते. ह्यांनी पेढे आणले, मी ते देवापुढे ठेवले. बारा लाख! माझ्या माहेरी नाही, सासरी नाही, एवढी रक्कम कोणी एका ठिकाणी पाहिली नव्हती.

मग काय झाले? चार लाख वरच्या मजल्याला गेले. स्लॅब पडला, पण दारेखिडक्या आणि गिलावा राहिला, आणि तो मजला चार वर्षे तसाच उघडा उभा राहिला. तीन लाख थोरलीच्या लग्नाला. अडीच लाख भाच्याच्या टेम्पोला. मामाकडे पैसे आले आहेत हे साऱ्या गोतावळ्याला ठाऊक होते, नाही कसे म्हणायचे? टेम्पो कधीच विकला गेला, भाचा सणावाराला पाया पडून जातो. उरले अडीच लाख.

धाकटी तेव्हा दहावीत होती. तिने एक दिवस कॅलेंडरच्या पाठीवर भागाकार मांडला. "आई, आपल्याला महिन्याला किती लागतात?" मी म्हटले, अकरा हजार. तिने बारा लाखांना अकरा हजारांनी भागले. १०९ महिने आले, म्हणजे नऊ वर्षे आणि एक महिना. व्याज धरले नाही आणि महागाईही धरली नाही, कारण बाई म्हणाल्या होत्या, त्या दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणजे एक पैसाही इकडेतिकडे न करता बसून खाल्ले असते, तरी ह्यांच्या सत्तावन्नाव्या वर्षी डबा रिकामा होणार होता. पूर्ण पेन्शन अठ्ठावन्नला! मग तिने अडीच लाखांना भागले. तेवीस महिनेसुद्धा भरले नाहीत.

हा भागाकार पेढ्यांच्या दिवशी व्हायला हवा होता. तो करायला दहावीचे शिक्षणही लागत नाही. पण आम्ही आकडा पाहिला, महिने पाहिले नाहीत.

आता पेन्शनचे सांगते, कारण त्यात माझी दुसरी चूक आहे. आपल्या माणसांच्या पगारामागे मालक जो फंड भरतो, त्यातून पगाराच्या ८.३३ टक्के इतका भाग पेन्शनकडे जातो. ही योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून आहे. तिचे सूत्र सोपे आहे: धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले सत्तर. पण धरलेला पगार म्हणजे हातात येणारा पगार नव्हे. त्याला मर्यादा असते. सप्टेंबर २०१४ मध्ये ती १५,००० झाली, त्याआधी ६,५०० होती. पंधरा हजार पगार आणि एकवीस वर्षे धरली, तर येतात महिन्याला ४,५००. शिवाय महागाई वाढली म्हणून हे पेन्शन वाढत नाही. वर्षाला सहा टक्के महागाई धरली तर बारा वर्षांत किराणा दुप्पट होतो, पेन्शन तिथेच.

दहा वर्षे नोकरी झाली असेल तर पेन्शन पन्नासाव्या वर्षीही मागता येते. मात्र अठ्ठावन्नला जितकी वर्षे कमी, तितक्या वर्षांचे चार-चार टक्के कापले जातात, तेही जन्मभरासाठी. आमचे पैसे संपले तेव्हा हे पन्नाशीला टेकलेच होते. अर्ज करून टाकला. रुपयातले चार आण्यांहून अधिक त्या एका सहीने गेले. बरे, त्यात घर भागले का? नाही. हे हिंजवडीला एका कंपनीच्या दारावर रात्रपाळीला उभे राहिले. पेढे वाटून निवृत्त झालेला माणूस पुन्हा गणवेशाला इस्त्री करू लागला. मी तिथल्या मुलांचे डबे सुरू केले. आज तो वरचा मजला भाड्याने आहे, तो माझ्या पोळ्यांवर पुरा झाला, हे मी अभिमानानेच सांगते.

दोघींना माझे सांगणे असे. प्रॉव्हिडंट फंड लगेच काढू नका; अठ्ठेचाळीसला नोकरी सुटली तरी अठ्ठावन्नपर्यंत त्यावर व्याज चालते. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेवर आत्ता भिस्त ठेवू नका, ती साठीनंतरची; स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांनाही पंचावन्न पुरी व्हावी लागतात. पोस्टाची मासिक उत्पन्न योजना मात्र कोणत्याही वयाला चालते आणि दोघांच्या नावाने उघडता येते. मधली वर्षे कशावर काढायची ते आधी मांडा, मजला मागाहून.

सुनांसाठीही एक गोष्ट. माझ्या सुनेने हिंजवडीत सात वर्षे नोकरी केली आणि बाळंतपणात सोडली. कोणीतरी सांगितले म्हणून पेन्शनची रक्कमही काढून घेतली. ती न काढता योजनेचे प्रमाणपत्र घेतले असते, तर ती सात वर्षे जमा राहिली असती. आता ती पुन्हा कामाला लागली आहे आणि पहिल्या वर्षापासून मोजते आहे.

आणखी एक. नवऱ्यामागे बायकोला त्याच्या पेन्शनचा निम्मा भाग मिळतो. पण कागदावर आपले नाव काय आहे? ह्यांच्या कारखान्यात माझे माहेरचे नाव, आधारवर सासरचे, बँकेत तिसरेच. ते एक करायला मला सात महिने आणि चिंचवडच्या अकरा खेपा लागल्या, आणि तेव्हा हे माझ्याबरोबर होते. ते नसताना मी एकटी कशी फिरले असते, ह्या विचाराने मला कितीदा रात्री झोप लागली नाही.

येत्या शनिवारी दुपारी त्या दोघी माझ्याकडे पासबुके घेऊन येणार आहेत. नोटिशीची मुदत महिनाअखेरपर्यंतच आहे. आणखी कोणाला यायचे असेल त्यांनी यावे. यजमानांनाही आणावे, आमचे हे घरीच असतील. धाकटी पुण्याहून येणार आहे. कॅलेंडर आमच्याकडे आहे.