आधी न्हाणीघर, मग काम



1965 साली म्युरियल न्यूहाउस आणि हिल्डा थॉम्पसन यांनी लंडनमधल्या 76 रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. सगळ्यांना मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग. त्यांतल्या 9 जणांनी अ‍ॅस्बेस्टॉसला कधी हातही लावला नव्हता; अ‍ॅस्बेस्टॉसचं काम घरातलं दुसरं कुणी करायचं. त्यांत बहुतेक होत्या नवऱ्याचे कामाचे कपडे धुणाऱ्या बायका.

अशी धूळ कपड्यांवरून घरी जाऊ नये, म्हणून आज ब्रिटनमध्ये इमारतीतलं धोकादायक अ‍ॅस्बेस्टॉस काढायचं, तर परवानाधारक ठेकेदाराला काम सुरू होण्याआधीच जागेवर न्हाणीघर चालू करून ठेवावं लागतं. तीन खोल्या, एकीतून दुसरीत: मळकी, शॉवरची आणि स्वच्छ. दारं आपोआप मिटणारी. हवा स्वच्छ खोलीकडून मळकीकडेच ओढली जायला हवी. सांडपाणी गाळूनच सोडायचं.

कामगार बाहेर येताना आधी व्हॅक्यूमने अंगावरची धूळ काढतो. मळक्या खोलीत सगळे कपडे उतरवतो, मास्क मात्र नाही. मास्क तोंडावर ठेवूनच शॉवरखाली उभं राहायचं, डोकं-अंग भिजवायचं, मास्कही धुवायचा आणि मगच तो काढायचा. घाई केली, तर केसांतली धूळ थेट नाकात. पाणी गरमच हवं, हेही नियमात आहे. मला हे फार आवडलं. तिथल्या जानेवारीत गार पाण्याखाली कोण नीट अंघोळ करील? शेवटी या न्हाणीघराचीही तपासणी होते, हवेच्या चाचणीसकट.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान 40 वर्षं जपायचा आदेश दिला. पण चाळीचं किंवा गोठ्याचं छप्पर उतरवणाऱ्या रोजंदारीवरच्या माणसाची नोंद कोण ठेवतो? सिमेंटच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू घट्ट बसलेले असतात, त्यामुळे एवढा सरंजाम ब्रिटनमध्येही सहसा लागत नाही. मात्र पत्रा फोडला, कापला, की ते सुटतात.

तेव्हा पावसाळ्याआधी जुने पत्रे बदलणार असाल, तर ते भिजवून, अख्खेच उतरवून घ्या. कोरडा झाडू मारू देऊ नका. आणि गडी घरी जाण्यापूर्वी त्याला नळ, साबण आणि कपडे बदलायला आडोसा द्या. ती जबाबदारी काम करवून घेणाऱ्याची आहे.