बक्षीस कुणाच्या घामाचं?



मी पाट्या रंगवणारा माणूस. अक्षरामागं मजुरी घेतो. त्यामुळं पैसा दिसला की पहिला सवाल डोक्यात येतो : हा आला कुठून?

न्यूयॉर्कच्या गुगनहाइम फाउंडेशननं १९९६ साली आजच्या चित्रकार-शिल्पकारांसाठी एक बक्षीस काढलं. ह्यूगो बॉस प्राइझ. दर दोन वर्षांनी एक कलावंत, देश कुठलाही, वय कितीही. निवडणार म्युझियमवाले, पैसा जर्मनीतल्या कपडे शिवणाऱ्या कंपनीचा. २०२० पर्यंत १३ जणांना मिळालं, मग बंद पडलं. त्या १३ जणांत भारतातलं एकही नाव नाही. पण ते रडगाणं मला गायचं नाही.

हिटलरच्या राज्यात याच कंपनीनं नाझींचे गणवेश शिवले. १४० माणसं जबरदस्तीनं राबवली, त्यांत बहुतेक बाया. वर ४० फ्रेंच युद्धकैदी. कंपनीनं जाहीर माफी मागितली ती २०११ साली. तोवर बक्षिसं वाटून पंधरा वर्षं झाली होती!

आधीच्या साली, २०१० ला, हान्स-पेटर फेल्डमान नावाच्या जर्मन कलावंताला एक लाख डॉलर मिळाले. २०११ च्या प्रदर्शनात त्यानं काय केलं? एकेक डॉलरच्या वापरलेल्या लाखभर नोटा टाचण्यांनी भिंतींवर टोचल्या. चित्रबित्र काही नाही. घ्या, बघा तुमचा पैसा!

मला हे आवडलं. पण पुरलं नाही. नोट कुणाच्या घामाची, हे नोटेवर छापलेलं नसतं.

२०१८ साली बक्षीस मिळालं सिमोन ली या काळ्या शिल्पकार बाईला. तिनं आपल्या प्रदर्शनाला नाव दिलं हॅरिएट जेकब्जच्या शब्दांत. ही हॅरिएट गुलाम. मालकाच्या तावडीतून सुटली आणि आजीच्या घराच्या माळ्यावर, उभंही राहता येणार नाही अशा सांदीत, जवळजवळ सात वर्षं लपली. १८६१ साली तिची स्वतः लिहिलेली कहाणी छापून आली. लीनं त्या माळ्याची आठवण थेट म्युझियमात आणली.

तुम्ही विचाराल, असलं बक्षीस घ्यावं का? मी म्हणतो, घ्यावं. उपकार म्हणून नव्हे, मजुरी म्हणून. भिंत मिळाली की तिच्यावर हिशोब मांडावा. फेल्डमाननं पैसा दाखवला, लीनं माणूस दाखवला. आपली वाट लीची.

पाटीवर मालकाचं नाव मोठ्या अक्षरात काढावं लागतं, ते मला ठाऊक आहे. बक्षिसावरही मालकाचंच नाव. त्याच्याखाली कुणाचं लिहायचं, ते मात्र ब्रश धरणाऱ्यानं ठरवायचं.